रेखांश नसलेला निरोप

“काय आलं का गो?” दाऊद चाचांनी विचारलं.

“नाही चाचा. अजून नाही,” मी म्हणाले. पडद्यावरून नजर काढली नाही.

सकाळपासून ते हेच विचारत होते आणि मी हेच सांगत होते. आमच्या वेळबंदरच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस म्हणजे धक्क्यावरच्या डिझेल पंपाच्या माडीवरची एक खोली. खिडकी समुद्राकडे. पण त्या दिवशी खिडकीतून समुद्र दिसतच नव्हता. पावसाचा एक राखाडी पडदा होता आणि त्याच्या मागून नुसता आवाज येत होता. वाऱ्याने खालचा पत्रा सारखा आपटत होता. गावातले पुरुष धक्क्यावर बोटींना दुहेरी दोर बांधत होते. वर खोलीत आम्ही तिघंच: मी, माझी शेवंतीवहिनी आणि चाचा.

गावच्या सगळ्या बोटी वादळाच्या आधी परत आल्या होत्या. दोन सोडून. एक माझ्या भावाची, मोरूदादाची, ‘एकवीराकृपा’. दुसरी चाचांच्या मुलाची, याकूबची, ‘नूर’. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, बोटीही जोडीनेच न्यायचे. या खेपेला ती जोडी दक्षिणेला फार लांब गेली होती. सरंग्याच्या, म्हणजे पापलेटाच्या, मागे गेले असणार. वादळाचा इशारा आला तेव्हा ते जयगडच्याही खाली होते. आदल्या दिवशी दुपारी तिथूनच दोघांचा शेवटचा निरोप आला होता. त्यानंतर काही नाही.

निरोप म्हणते तो माणसाच्या आवाजातला नव्हे. सोसायटीने प्रत्येक बोटीवर एक यंत्र बसवलं होतं. ते मोबाइलच्या टॉवरवरून आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एक ओळ पाठवायचं: बोटीचा क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश. त्या ओळी घेणारा प्रोग्रॅम माझा. मी रत्नागिरीला डिप्लोमा केलेला आणि मला नीट येत होती ती एकच भाषा, पीएचपी. ती वेबसाइटची भाषा, तिच्यात असलं काम करतात का, म्हणून माझे वर्गमित्र हसले होते. पण जमलं होतं. सॉकेट उघडून बसायचं, म्हणजे कॉम्प्युटरला एक दार करून ते उघडं ठेवायचं. बोट दाराशी आली की तिच्यासाठी एक वाट चालू ठेवायची आणि त्या वाटेने येतील ती अक्षरं उचलत राहायचं. इतकंच.

त्या दिवशी दार सताड उघडं होतं आणि कोणी येत नव्हतं. धक्क्यावरच्या बोटींच्या बॅटऱ्या काढून ठेवलेल्या, त्यामुळे त्यांचीही यंत्रं बंद. पडदा कोराच्या कोरा.

वहिनी माझ्या खुर्चीला खेटून स्टुलावर बसली होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मुलांना शेजारी सोडून आली होती. मधूनच ती पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळायची. बोट पांढरं पडलं की सोडायची.

दुपारी फोन वाजला. शोधमोहिमेच्या नियंत्रण कक्षातून साळवीसाहेब बोलत होते. सकाळपासून तेच आम्हाला कळवत होते.

“हेमांगीताई, तुमच्या भावाच्या बोटीचा रंग कुठला?”

“पिवळा. वर लाल पट्टा. का हो?”

“जयगडच्या बाहेर आमच्या हेलिकॉप्टरला काहीतरी पिवळं तरंगताना दिसलं. पावसात हरवलं. इंधन भरायला आलेत, लगेच परत निघतायत. पण हवा बघता उजेड असेपर्यंत ही एकच फेरी होईल. दोन्ही बोटी तिथेच शेवटच्या दिसल्यात, तेव्हा सगळा जोर तिथेच लावतोय. जवळ आमची एक गस्ती नौकाही आहे.”

मी फोन ठेवून दोघांना सांगितलं. वहिनीने दोन्ही हातांनी माझा दंड धरला. “पिवळं? पिवळंच म्हणाले ना?”

“हो.”

“देवा एकवीरे,” ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

चाचांनी ओली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मोरू सापडला तर याकूबही लांब नसेल,” ते म्हणाले. “ते एकमेकांना सोडत नाहीत.”

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला, नळीचा दिवा गेला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला, पण ती बॅटरी म्हातारी झालेली. टेबलाखालून तिची टूं टूं सुरू झाली. मी पडदा अंधुक करायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

पडद्यावर एक ओळ आली होती. जोडणी आली, एवढंच लिहिलेलं. कोणाची, ते नाही.

“काय झालं?” वहिनीने विचारलं.

“कोणीतरी आलंय.”

“कोण?”

“कळत नाही. थांब जरा.”

आम्ही थांबलो. ओळ तशीच. दार उघडून कोणीतरी उंबऱ्यात उभं राहावं आणि बोलू नये, तसं. नुसती जोडणी आली आणि निरोप नाही, असं कसं होईल?

मग माझ्या लक्षात आलं. सॉकेटवरून अक्षरं एकगठ्ठा येतील असा काही नियम नसतो. पाईपातून पाणी यावं तशी ती येतात, कधी भसकन, कधी थेंब थेंब. ओळ कुठे संपली ते कळावं म्हणून शेवटी एक खूण असते. ती खूण येईपर्यंत माझा प्रोग्रॅम आलेली अक्षरं हातात धरून ठेवायचा, पडद्यावर काही दाखवायचा नाही. बराच वेळ खूण आलीच नाही, तर वाट मेली असं समजून हातातलं टाकून द्यायचा. एरवी हे बरोबरच होतं. अर्धवट निरोप दाखवला तर बोट भलतीकडेच दिसेल.

म्हणजे आता त्याच्या हातात काहीतरी होतं. अर्धं.

प्रोग्रॅम बंद करून बघता येत नव्हतं, बंद केला की हातातलं गेलंच. पण तपासणीसाठी मी माझ्यापुरती एक बारीक खिडकी ठेवली होती, दुसऱ्या सॉकेटवरून प्रोग्रॅमला विचारायची सोय: तुझ्याकडे काय शिल्लक आहे? मी ती आज्ञा टाइप केली. दोनदा चुकले. टेबलाखाली बॅटरी ओरडत होती. तिसऱ्यांदा बरोबर टाइप झालं.

पडद्यावर आकडे उमटले. बोटीचा क्रमांक. वेळ, ती आत्ताचीच. मग अक्षांश: सतरा अंश, अठ्ठेचाळीस मिनिटं आणि वर थोडं. त्यापुढे एक स्वल्पविराम. त्यापुढे काही नाही.

रेखांश आलाच नव्हता.

पण स्वल्पविराम होता. म्हणजे अक्षांश पुरता आला होता, मध्ये तुटला नव्हता. आणि सतरा अठ्ठेचाळीस हा आकडा मला पाठ होता. प्रोग्रॅम लिहिताना मी तो शंभरदा पाहिला होता. तो आमच्या धक्क्याचा अक्षांश.

मी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. बोट जयगडला नव्हती. ती इथे होती, आमच्या खिडकीच्या नाकासमोर, सरळ पश्चिमेला, त्या राखाडी पडद्यामागे कुठेतरी. आणि सगळे तिला तिकडे खाली शोधत होते.

अंगावर काटा आला. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा. मग मी बोटीचा क्रमांक पुन्हा पाहिला.

दादाचा अकरा होता. हा चौदा होता.

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास माझ्या कानाशी थांबला.

“चौदा म्हणजे नूर ना?” ती अगदी हळू म्हणाली.

मी मान हलवली.

“कुठे आहे?”

“इथे. गावासमोर. बाहेर.”

“आणि आपली?”

“आपली नाही आली.”

माझा हात फोनकडे गेला. वहिनीने माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

“काय करतेस?”

“साळवीसाहेबांना सांगते.”

“म्हणजे ते विमान इकडे येणार?”

“हो. इकडेच.”

“हेमा, एकच फेरी म्हणालेत ते. तिकडे पिवळं दिसलंय. पिवळं, हेमा. पाण्यात आहे तुझा भाऊ.” ती कुजबुजत होती. “आत्ता नको सांगूस. त्यांना आधी ते पिवळं बघू दे. मग सांग.”

“मग उजेड राहणार नाही, वहिनी.”

“नूर बोट आहे. तरंगतेय अजून, म्हणून तर यंत्र बोललं. तो पाण्यात आहे, पाण्यात. थोडा वेळ. माझ्यासाठी. मी तुझ्या पाया पडते.”

आणि ती खरंच वाकली. मी तिला धरलं. दोन हातांवर, भिंतीजवळच्या बाकड्यावर, चाचा बसले होते. ते खिडकीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. काही विचारलंही नाही.

त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी पुन्हा कधी वाटली नाही. समुद्राची नाही, वादळाचीही नाही. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळणार नव्हतं. थोड्या वेळाने प्रोग्रॅम ती अक्षरं टाकून देणार होता, किंवा बॅटरी संपून कॉम्प्युटरच बंद पडणार होता. चौदा क्रमांकाने हाक मारली होती याचा मागमूस राहणार नव्हता. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. आणि दादा माझा होता. आई गेल्यावर माझी वेणी घालायला शिकलेला दादा. माझ्या डोळ्यांपुढे तो पिवळ्या फळकुटाला धरून, तोंडात पाणी जात असलेला दिसत होता. आणि वर घरघरणारं हेलिकॉप्टर मान वळवून निघून जाताना दिसत होतं. ते वळवणारी मी.

बॅटरीची टूं टूं जलद झाली.

मी मनगट सोडवून घेतलं. जोर लावावा लागला. वहिनीचं काचेचं काकण फुटलं आणि माझ्या हाताला लागलं. मी फोन लावला.

“साळवीसाहेब, नूरचा निरोप आलाय. आत्ताचा. अर्धाच आहे.”

“अर्धा म्हणजे?”

“अक्षांश आलाय. सतरा अठ्ठेचाळीस. आमच्या गावासमोर.”

“आणि रेखांश?”

“नाही आला.”

“ताई, नुसत्या अक्षांशावर मी काय करू? तो तर एक रेघ झाला. त्या रेघेवर कुठे शोधायचं, अरबस्तानपर्यंत?”

“नाही साहेब, ऐका. यंत्र किनाऱ्यावरच्या टॉवरवरूनच बोलतं. बोट वीस-बावीस मैलांच्या बाहेर गेली की टॉवर सुटतो. निरोप आला, म्हणजे बोट त्याच्या आत आहे. आमच्या धक्क्यापासून सरळ पश्चिमेला तेवढीच रेघ. एक रेघ उडायची आहे.”

“तो अर्धा आकडा चुकीचा असला तर?”

“अक्षांश पुरता आहे. त्याच्यापुढचा स्वल्पविराम आलाय.”

“स्वल्पविराम,” साळवीसाहेब म्हणाले. ते हसले नाहीत. “आणि ती एकवीराकृपा? तिचं काही?”

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. पदर तोंडात कोंबलेला.

“तिचं काही नाही,” मी म्हणाले.

“तुमच्या भावाची आहे ना ती?”

“हो.”

“हेलिकॉप्टर एकच आहे, ताई. तुमच्याकडे वळवलं तर जयगडला फक्त नौका राहील. तिला त्या लाटांत काही दिसणार नाही. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय,” मी म्हणाले. “वळवा.”

फोन ठेवला. थोड्या वेळाने पडदा विझला. बॅटरी संपली होती. खोलीत एकदम शांत झालं आणि बाहेरचा आवाज दुप्पट मोठा वाटू लागला. वहिनी खाली बसली. माझ्याकडे तिने पाठ केली. चाचा उठले, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्यापाशी जमिनीवर ठेवलं. तिने ते घेतलं नाही.

आम्ही किती वेळ तसे बसलो कोण जाणे. एकदा वाऱ्याच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळल्यासारखा वाटला. घरघर. दक्षिणेकडे जयगडला जाणारी की आमच्या समोर समुद्राकडे, कळलं नाही. मी खिडकीशी गेले. काहीच दिसलं नाही. दिवस मावळत आला होता.

फोन वाजला तेव्हा मी तो उचलू शकले नाही. चाचांनी उचलला आणि माझ्या कानाला लावला.

“सापडली,” साळवीसाहेब ओरडत होते. “नूर सापडली, तुमच्या रेघेवरच! इंजिन बंद, निम्मी पाण्यात. आमची दुसरी एक नौका तिथे पोचलीय. सगळे उतरवून घेतले. तेरा माणसं.”

“किती?”

“तेरा.”

“साहेब, नूरवर सात जण होते.”

“माझ्याकडे तेरा आलेत, ताई. नावं सांगतायत, थांबा.”

मी मोठ्याने मोजू लागले, जणू बोटांवर मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. नूरवर सात. एकवीराकृपावर सात. चौदा. तेरा आले. भिंतीकडे तोंड करून बसलेली वहिनी सावकाश वळली. चौदातला एक नव्हता. साळवीसाहेब नावं वाचत होते, मी ती एकेक करून मोठ्याने म्हणत होते आणि प्रत्येक नावाला वहिनीची मान हलत होती. दादाचं नाव नवव्या की दहाव्या जागी आलं. वहिनी हंबरडा फोडून माझ्या पायांना बिलगली.

याकूबचंही नाव होतं. अन्वरचं नव्हतं. अन्वर चाचांच्या बहिणीचा मुलगा, त्यांच्याच घरात राहणारा, नूरवरचा खलाशी.

दादाने नंतर सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळीच एकवीराकृपाच्या तळाची फळी फुटली होती. याकूब त्या लाटांत नूर जवळ घेऊन आला. अन्वरने दोर फेकून एकेकाला ओढून घेतलं. दादा शेवटचा. दादाचा हात नूरच्या काठाला लागला तेव्हाच लाट आली आणि अन्वर बाहेर फेकला गेला. त्यांनी अंधार पडेपर्यंत त्याला शोधलं. मग वारा पाठीशी घेऊन घराकडे निघाले. गावासमोर आल्यावर इंजिनात पाणी गेलं. यंत्राच्या बॅटरीत शेवटची धुगधुगी होती, तेवढ्यात ते अर्धं बोललं. जयगडला दिसलेलं पिवळं म्हणजे आमची रिकामी बोट. तिच्यावर कोणी नव्हतंच.

हेलिकॉप्टर तिच्याभोवतीच फिरत राहिलं असतं तर सकाळपर्यंत नूर राहिली नसती, असं साळवीसाहेब मला म्हणाले. ते मी वहिनीला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

अन्वरचा देह मिळाला नाही. त्याच्या घरी दुःखाला आलेली माणसं पांगल्यावर एका सकाळी वहिनी माझ्या दाराशी आली. “चल,” म्हणाली. कुठे ते विचारलं नाही मी. दाऊद चाचा ओटीवर जाळं सांधत बसले होते. वहिनी पायरीवरच थांबली.

“चाचा, मला काही सांगायचंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी नूरचा निरोप आला तेव्हा ही लगेच फोन लावत होती. मी हिचा हात धरला. मी म्हटलं सांगू नको. तुम्ही तिथे बसला होतात आणि मी म्हटलं, राहू दे नूर. अन्वरने माझ्या नवऱ्याला ओढून घेतलं आणि मी...”

चाचांचे हात जाळ्यावर थांबले.

“मला ऐकू आलं होतं,” ते म्हणाले.

वहिनीने मान वर केली.

“सगळं?” मी विचारलं.

“सगळं. लहान खोली ती.”

“मग तुम्ही बोलला का नाही, चाचा? एक शब्द तरी बोलायचा होता. तुमचा याकूब होता तिथे.”

“काय बोलू?” चाचा माझ्याकडे बघून म्हणाले. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. “हिच्या समोर उभा राहून म्हणू, माझा पोरगा आणा, हिचा नवरा बुडू द्या? तोंड उघडलं होतं मी. दोनदा उघडलं. आवाज आला नाही.” त्यांनी जाळं बाजूला सारलं. “हिने जे म्हटलं तेच माझ्या मनात होतं, बाय. फक्त बोट दुसरी होती.”

आतून अन्वरची लहान मुलगी बाहेर आली, आम्हा तिघांकडे बघून परत आत पळाली. चाचांनी ओटीवरचा पाट हाताने पुसला आणि पुढे सरकवला.

“बस,” ते वहिनीला म्हणाले. “पायरीवर नको उभी राहू. वर ये.”

वहिनी वर चढली आणि बसली.